घरच्या अंगणात अल्टोचा एक्सल

कुंभार्ली घाट चढताना उजवं वळण आलं की माझ्या अल्टोच्या डाव्या चाकातून कट-कट-कट असा आवाज यायचा. वळण सरलं की गप्प. मागच्या सीटवर कोकम आगळाच्या बाटल्यांचे खोके असतात, म्हणून पहिले पंधरा दिवस माझा संशय बाटल्यांवर. कराडला माल उतरवून रिकामी गाडी चिपळूणला आणतानाही तोच आवाज आला, तेव्हा बाटल्या निर्दोष सुटल्या.

माझे वडील, आप्पा, एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. गुडघ्यांनी आता संप पुकारलाय, पण कान शाबूत आहेत. त्यांनी मला अंगणात गाडी गोल फिरवायला लावली: पहिला गिअर, स्टेअरिंग पुरतं उजवीकडे, क्लच सोडून जरासा रेस. स्वतः माडाला टेकून ऐकत उभे. दुसऱ्या फेरीला म्हणाले, "बाय, डावा बाहेरचा जॉइंट गेलाय. बूट फाटलेला असणार, बघ." चाकामागे हात घातला तर बोटं काळी झाली. जॉइंट झाकणाऱ्या रबराच्या बुटाला वीतभर चीर, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे, आणि उरलेल्या ग्रीसमध्ये आमची लाल माती मळलेली.

ही परीक्षा आधी कराच, कारण चाकाकडचा प्रत्येक आवाज एक्सलचा नसतो. वळताना कटकट, आणि तीही रेस दिल्यावर जास्त, म्हणजे बहुतेक बाहेरचा सीव्ही जॉइंट: एक्सलचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा, चाकाकडचा सांधा. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो, म्हणून उजव्या वळणाला डावा ओरडतो आणि डाव्या वळणाला उजवा. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं असेल तर बेअरिंग तपासा. पिकअप घेताना गाडी थरथरत असेल तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट. आणि बूट फाटलाय पण आवाज अजून आलेला नाही, असं असेल तर तुम्ही नशीबवान: जॉइंट साफ करून, नवं ग्रीस भरून, नवा बूट चढवला की काम स्वस्तात निभावतं. आवाज सुरू झाला की ग्रीसने तो दबतो, बरा होत नाही.

मला बूट, जॉइंट की अख्खा एक्सल, असा प्रश्न पडला होता. सुटा बाहेरचा जॉइंट मिळतो आणि स्वस्तही पडतो. पण माझी गाडी २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीच्या पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर गिअरबॉक्समधून निघालेलं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं. ते तेव्हा दोनदा बदललं, जॉइंटकडे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. आतल्या जॉइंटवरही माझा भरवसा राहिला नाही, म्हणून अख्खा एक्सल घेतला. दुकानात जाताना गाडीचं साल, मॉडेल आणि बाजू सांगा. गिअरबॉक्स गाडीच्या मधोमध नसतो, त्यामुळे डावा आणि उजवा एक्सल लांबीला सारखे नसतात. रिकंडिशन केलेला माल स्वस्त असतो; मी घेतला नाही. एक्सलसोबत हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नवा नट, आतल्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारी छोटी कडी), गिअरबॉक्सचं त्या बाजूचं ऑइल सील (तेल गळू न देणारी कडी) आणि गिअर ऑइल घ्या. ऑइलचा ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत बघा, दुकानदार देईल तो नको.

हत्यारांत सगळ्यात महत्त्वाचा हब नटाचा सॉकेट. तो गाडीगणिक वेगळा असतो, २९, ३०, ३२ असा, म्हणून नट मोजूनच आणा. त्याला जाड हँडल आणि हँडलवर चढवायला दीड हाताचा लोखंडी पाईप. मग १४, १७, १९ चे पाने, दोन टॉमी (उचकटायच्या लोखंडी कांबी), एक लाकडी ठोकळा, हातोडा, छिन्नी, तेल धरायला पसरट घमेलं, चांगला जॅक आणि घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड. घोडीशिवाय हे काम करूच नका. जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. आमच्याकडे प्रत्येक घरामागे जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि लोक बिनदिक्कत गाडीखाली लावतात. चिरा भिंतीत चारी बाजूंनी दाबलेला असतो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. एका टोकावर गाडीचा भार आला की तडकतो. मागच्या चाकांना उटी म्हणून चिरे लावा, खुशाल. गाडीखाली घोडीच.

आदल्या रात्री हबच्या मध्याला आणि खालच्या बॉल जॉइंटच्या (चाकाकडचा भाग खालच्या आर्मला जोडणाऱ्या सांध्याच्या) बोल्टला गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. देशावरच्या लोकांना हे वाचून अतीच वाटेल, पण खाडीच्या वाऱ्यात १० वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा बोल्ट आणि तुमच्या गाडीचा बोल्ट यात फरक आहे.

आता नट. सगळं काम म्हणजे हा एक नट, बाकी हमाली. तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा. गाडी उचलली, चाक काढलं आणि मग नटाकडे वळलात तर हब नुसता फिरत बसेल, आणि जॅकवरच्या गाडीला पाईप लावून हिसके देण्याइतका दुसरा मूर्खपणा नाही. व्हील कॅप काढली की मध्ये नट दिसतो. जुन्या धाटणीच्या गाड्यांत मुकुटासारख्या खाचा असलेला नट आणि त्यातून स्प्लिट पिन असते. पिन सरळ करून ओढून काढा. माझ्या गाडीत नटाची पातळ कड शाफ्टच्या, म्हणजे एक्सलच्या दांड्याच्या, खाचेत ठोकून बसवलेली होती. ती छिन्नीने आधी वर उचलून घ्यावी लागते, नाहीतर नट फिरताना आटे खातो.

गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि भाच्याला आत बसवून ब्रेक दाबायला सांगितलं. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, पुढच्या हबला त्याचा उपयोग नाही, म्हणून पायाचा ब्रेक लागतोच. पाईप चढवला, आडवा धरला, जोर लावला. काही नाही. परत. काही नाही. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "हाताने नको, वजनाने." मी पाईपच्या टोकावर हळूहळू भार टाकत गेले, एक पाय, मग अर्धं अंग, आणि मग 'टक्‌' असा आवाज आला. मला वाटलं सॉकेट फुटला. नट पाव फेरा सुटला होता. इथेच थांबायचं, पूर्ण काढायचा नाही. नट सैल असताना गाडी पुढे-मागे ढकलू नका. तो नट बेअरिंगलाही आवळून धरत असतो.

चाकाचे नटही जमिनीवरच अर्धा फेरा सैल केले, मग गाडी उचलून घोडीवर ठेवली, धक्का देऊन पाहिली आणि चाक काढलं. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी दगा देणार नाही, पण दिलाच तर गाडी चाकावर बसेल, तुमच्यावर नाही.

पुढचं गिअर ऑइल. इथे आप्पांनी सांगितलेली एक गोष्ट मी कुणालाही सांगितल्याशिवाय सोडत नाही: आधी भरायचा बूच उघडा, मग सोडायचा. भरायचा बूच गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून मोकळे झालात, तर गाडी अंगणातच राहिली. तो सुटला याची खात्री झाली की घमेलं लावून खालचा काढा. सोडलेलं ऑइल डब्यात भरून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरवर नेऊन द्या. आमच्या आळीतलं प्रत्येक गटार शेवटी वाशिष्ठीलाच मिळतं.

आता चाकाचा जो भाग वळतो, त्याला नकल म्हणतात, तो बाहेर ओढता यायला हवा, म्हणजे एक्सलचं टोक हबमधून निसटेल. त्यासाठी खालचा बॉल जॉइंट सोडवायचा. अल्टोत तो एका आडव्या बोल्टने नकलमध्ये चिमटलेला असतो. बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो बॉल जॉइंटच्या पिनेवरच्या खाचेतून गेलेला असतो. मग टॉमीने लोअर आर्म खाली दाबला की पिन बाहेर येते. बॉल जॉइंटच्या रबरावर टॉमी टेकवू नका, नाहीतर एक बूट बदलताना दुसरा फाडाल.

हबचा नट आता काढा, पण लगेच परत दोन-तीन आट्यांवर चढवा, शाफ्टच्या टोकाशी समतल होईपर्यंत. त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारा. नट आट्यांचं रक्षण करतो, ठोकळा नटाचं. माझा एक्सल हबच्या स्प्लाइनमध्ये (एकमेकांत अडकणाऱ्या लांब दात्यांत) गंजाने असा बसला होता की सहा-सात घावांनी हलला नाही. आप्पांनी हातोडा थांबवला, परत स्प्रे मारला आणि चहा मागवला. चहा झाल्यावर दुसऱ्या घावाला हलला. तरीही न हलणारा असेल तर पुलर भाड्याने आणा. बेअरिंगवर आणखी राग काढू नका.

इथे माझी चूक. बाहेरचं टोक सुटल्याच्या आनंदात मी शाफ्ट दोन्ही हातांनी धरून जोरात ओढला. शाफ्ट आला, पण एकटाच. आतला जॉइंट तीन रोलरांचा असतो, ते रोलर एका लोखंडी पेल्यात पुढे-मागे सरकतात, आणि ओढल्यावर पेल्यातून सरळ बाहेर पडतात. बूट ताणून फाटला, रोलर ग्रीससकट माझ्या मांडीवर, आणि पेला गिअरबॉक्सला तसाच चिकटून. "म्हशीला शेपटीने ओढतात काय?" आप्पा म्हणाले. एक्सल टाकायचाच होता म्हणून निभावलं. तुम्हाला तोच परत बसवायचा असता तर संध्याकाळ गेली असती. तेव्हा शाफ्ट ओढायचा नाही. गिअरबॉक्स आणि जॉइंटचा पेला यांच्या मधल्या फटीत टॉमी घालून, पेल्यालाच बाहेर उचकटायचं. आत स्प्लाइनच्या टोकाला ती छोटी सर्क्लिप असते, तिने धरलेलं असतं. एक झटका बसला की सुटते. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे, टॉमीखाली लाकडाची चीप द्या. आणि बाहेर येताना स्प्लाइन सीलच्या ओठावर घासणार नाही इतपत आधार हाताने द्या.

दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागाच्या) आतले गिअर आधार गेल्यावर सरकतात आणि मग आत काही जुळत नाही. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी.

आप्पांचं या सगळ्यावर एक मत आहे, ते ऐकवल्याशिवाय ते राहत नाहीत. एसटीच्या गाडीचा मागचा एक्सल त्यांच्या मते याहून शंभरपट सोपा: हबच्या तोंडावरचे बोल्ट काढले की लांबलचक दांडा सरळ बाहेर ओढून घ्यायचा. गाडी उचलायची नाही, चाक काढायचं नाही, कारण बसचं वजन हबच्या घरावर असतं, दांडा फक्त फिरवायचं काम करतो. "ही तुमची नाजूक खेळणी," असं म्हणून ते परत खुर्चीत टेकले.

जुना आणि नवा एक्सल ओट्यावर शेजारी ठेवून जुळवा. लांबी, आतल्या टोकाचे स्प्लाइन मोजून, सील ज्यावर बसतं त्या गुळगुळीत पट्ट्याची जाडी. गाडीला एबीएस असेल तर सेन्सर ज्यावर वाचतो ती दातेरी कडीही. माझ्या गाडीत ती भानगड नव्हती. जॉइंटांत ग्रीस भरलेलं आहे का, बुटाच्या पट्ट्या घट्ट आहेत का, तेही इथेच बघा.

जुनं सील काढताना त्याच्या घरावर ओरखडा पडू देऊ नका. नवं सील हाताने सरळ ठेवून, तेवढ्याच व्यासाच्या जुन्या बेअरिंगच्या कडीने किंवा मोठ्या सॉकेटने चारी बाजूंनी थोडं-थोडं ठोकत बसवा. तिरकं गेलं तर काढून दुसरं आणा. ओठाला बोटाने ग्रीस लावा. एक्सलच्या आतल्या टोकाला गिअर ऑइल चोपडा, नवी सर्क्लिप मध्यावर राहावी म्हणून तिला थोडं ग्रीस, आणि तिचं उघडं तोंड खाली. मग पेला दोन्ही हातांत धरून सीलमधून आत न्यायचा, स्प्लाइन जुळेपर्यंत किंचित फिरवायचा, आणि एकदम ढकलायचा. बसला की कानाला आणि तळहाताला दोन्हीकडे कळतं. मला पहिल्या तीन प्रयत्नांत कळलं नाही. चौथ्यांदा गाडीखालून भाच्यालाही ऐकू गेलं. खात्रीसाठी पेला बाहेर ओढून बघा. पेला म्हणतेय, शाफ्ट नाही.

बाहेरचं टोक हबमध्ये घालताना स्प्लाइनवर ग्रीसचा पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी चहा लागणार नाही. बॉल जॉइंटची पिन परत घालताना तिची खाच आणि बोल्टचं भोक नेमकं समोरासमोर यायला हवं. बोल्ट हाताने आत जायला पाहिजे. जात नसेल तर ठोकू नका, पिन अजून वर गेलेली नाही. नवा नट हाताने चढवा, भाच्याला ब्रेकवर बसवून जमेल तितका आवळा, चाक लावा, आणि मग गाडी उतरवा.

शेवटचा ताण जमिनीवर. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हब नटाला टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, १७.५ किलो-मीटर (किलो गुणिले मीटर) आहे, म्हणजे सुमारे १७५ न्यूटन-मीटर, आणि चाकाच्या नटांना ८.५. तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना एका दिवसासाठी मागून आणा, विकत घ्यायची गरज नाही. १७.५ किलो-मीटर म्हणजे काय हे कळावं म्हणून सांगते: माझं वजन ५८ किलो. पाना अगदी आडवा असेल आणि नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर मी दोन्ही पायांनी उभी राहिले, तर साधारण तेवढा जोर पडतो. ही अक्कल टॉर्क पाना बरोबर वाचतोय ना, हे पडताळायला चांगली. त्याच्याऐवजी वापरू नका. आवळून झाल्यावर नटाची कड बोथट छिन्नीने शाफ्टच्या खाचेत ठोका, किंवा स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडा. जुना नट परत वापरण्याचा मोह होतो. कड एकदा ठोकून उचललेली असते, दुसऱ्यांदा ती तुटते.

गिअर ऑइल भरायच्या आधी खालचा बूच लावलाय का, ते बघा. हसू नका. गाडी सपाटीवर हवी. आमचं अंगण पावसाच्या पाण्यासाठी उताराचं केलेलं, म्हणून गाडी गेटाबाहेर रस्त्यावर घेतली. फनेलला प्लॅस्टिकची नळी जोडून, भरायच्या भोकातून ऑइल परत ओघळायला लागेपर्यंत भरायचं. ओघळ थांबला की बूच.

मग तीच परीक्षा: पहिला गिअर, पुरतं उजवीकडे, गोल. आप्पा माडाशी. यावेळी फक्त टायरखालच्या खडीचा आवाज. पहिल्या दिवशी गावातच फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून सीलकडून थेंब पडलाय का बघा, आणि ५०-६० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत तपासा. मला सकाळी ९ पासून दिवेलागणीपर्यंत वेळ लागला. पुढच्या वर्षी उजव्या बाजूचा साडेतीन तासांत झाला, त्यात चहा धरून. गावातल्या एका गॅरेजने याच कामाला "गाडी चार दिवस ठेवून जा" सांगितलं होतं.

जुना बाहेरचा जॉइंट मी उघडून पाहिला. पिंजऱ्यात सहा गोळ्या, त्यांतल्या चार अजून आरशासारख्या. दोन मात्र खडबडीत, आणि त्या ज्या खोबणींतून पळत होत्या तिथे नखाला लागतील असे खड्डे. लाल मातीने ग्रीसचं पॉलिश पेपर केलं होतं. मधला दांडा आप्पांनी लोहाराकडे पाठवला. त्याची पहार होऊन आली, टोक चपटं करून. परड्यात रोवलीय, नारळ त्याच्यावर सोलतो.